विझलेल्या भट्टीचा दावा

१

काचेची भट्टी मरताना आवाज करत नाही, असं मालकाने मला पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याने डोळे पुसले. डोळे कोरडेच होते, पण पुसले.

मी विम्याची सर्व्हेअर. कोणाचं काही जळलं, बुडालं, कोसळलं की कंपनी मला पाठवते, आणि ते खरंच जळलं का, बुडालं का, हे मी जाऊन बघते. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. त्यामुळे माझा माणसांवरचा विश्वास उडाला असं घरचे म्हणतात. तसं काही नाही. माझा फक्त डावा गुडघा गेलाय.

दावा अकरा कोटींचा होता. रविवारी दुपारी तीन वाजता गॅसचा दाब पडला, भट्टी विझली, आतला चाळीस टन काचेचा रस आतच गोठला आणि विटा फुटल्या. बाटल्यांची भट्टी एकदा पेटवली की आठ-दहा वर्षं एक दिवसही विझू द्यायची नसते. अचानक विझली तर रसाचा दगड होतो आणि मग ती फोडून टाकण्यापलीकडे काही उरत नाही. आज बुधवार होता.

"पाळीवर कोण होतं?" मी विचारलं.

"उस्ताद. एकतीस वर्षं भट्टी सांभाळतोय. झोपला होता मेला." मालक चाळिशीचा, आजोबांपासून चालत आलेला कारखाना चालवत होता आणि आजोबांचा फोटो त्याच्या डोक्यावरच टांगलेला होता. "मी पोलिसात तक्रार दिलीय. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचा होता. आता कसली निवृत्ती आणि कसली ग्रॅच्युइटी! तुरुंगात बसेल."

"तो काय म्हणतो?"

"काही नाही. बघा तुम्हीच विचारून. भिंतीशी बोललात तर ती निदान ऐकते तरी."

बाहेर एकशे अठरा कामगार सावली मिळेल तिथे बसले होते. काम बंद असलं की माणसं कशी बसतात ते मला पाठ झालंय. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नाही. त्यांच्यामधून वाट काढत मी भट्टीच्या शेडकडे निघाले. वाटेत कच्च्या मालाचा ओटा लागला. त्याच्यावर काचेच्या पांढऱ्या वाळूचा मोठा ढीग होता आणि ढिगावर कमरेएवढं रानगवत माजलं होतं. कोणी कापत का नाही, असा विचार करत मी पुढे गेले.

भट्टी दोन खोल्यांच्या घराएवढी होती. तिचे सगळे झरोके मातीने लिंपलेले होते. तिच्याजवळ स्टुलावर एक काटकुळा म्हातारा बसला होता. भुवया जळून गेलेल्या, हातावर जुने डाग.

"उस्ताद तुम्हीच?"

मान हलली.

"काय झालं रविवारी?"

"विझली."

"झोपला होतात?"

"मालक म्हणतात ना."

"मालक म्हणतात ते मी ऐकलंय. तुम्ही काय म्हणता?"

त्याने भट्टीकडे तोंड फिरवलं. माझा गुडघा ठणकायला लागला, म्हणून गुडघा चोळत मी मागे सरून भट्टीच्या भिंतीला पाठ टेकवली. उन्हातून आल्यावर तो गारवा बरा वाटला. तेवढ्यात म्हातारा ताडकन उठला.

"बाई, टेकू नका तिथे."

"का? पडेल का माझ्या वजनाने?"

तो इतका घाबरलेला होता, की मी बाजूला झाले.

२

गोदाम मात्र बघण्यासारखं होतं. छतापर्यंत खोके रचलेले, दारावर बँकेची पाटी: हा माल बँकेकडे तारण आहे. आत एक पन्नाशीची बाई खोक्याच्या तळाला खटाखट स्टेपल मारत होती. सगळे तिला मावशी म्हणत.

"अहो, भट्टी बंद आणि तुमचं काम चालूच?" मी म्हटलं.

"शनिवारी बँकेची माणसं यायची, ताई. रांगा नीट दिसल्या पाहिजेत."

"दर शनिवारी येतात?"

"महिन्याच्या शेवटच्या. खोके मोजतात, चहा पितात, जातात."

"भट्टी नाही बघत?"

"तिथे गरम होतं ना! कोट घालून येतात बिचारे." ती हसली. तिच्यात अजून हसण्याची ताकद होती, याचं मला कौतुक वाटलं.

मी एक रिकामा खोका उचलला. नवीन लेबल चिकटवलेलं, तारीख मागच्या आठवड्याची. उलटा केला. तळाला आजच्या स्टेपलच्या शेजारी जुन्या भोकांची रांग होती. तिच्या शेजारी आणखी एक, मग आणखी एक. दुसरा खोका घेतला, तोही तसाच. मिरपुडीच्या डबीचं झाकण असावं तशी चाळण झाली होती तळाची.

"मावशी, माल खपतो का?"

"खपतो तर! रोज एक ट्रक भरून जातो."

"कुठे जातो?"

"पुढच्या फाटकातून."

ट्रक कुठे जातो विचारलं की लोक गावाचं नाव सांगतात, गिऱ्हाइकाचं सांगतात. फाटक कोणी सांगत नाही. इथे नक्की पाणी मुरत होतं.

"आणि मागच्या फाटकातून काय होतं?"

मावशीच्या हातातला स्टेपलर थांबला.

३

"मला दोन मुली आहेत शिकणाऱ्या," एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा खटाखट सुरू केलं. अशा वेळी पोलीस दरडावतात म्हणे. मी दरडावत नाही. मीही दोन मुलींसाठीच या नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढलीत.

मागच्या फाटकाशी मी स्वतःच गेले. तिथे फुटलेल्या बाटल्यांचा डोंगर होता. फुटक्या बाटल्या कुठल्याही काच कारखान्यात असतात, वितळवून पुन्हा वापरतात. पण इतक्या? शिवाय ट्रकच्या चाकांच्या खुणा आत येणाऱ्या होत्या. डोंगराच्या कडेला काचेचे पावाएवढाले ओबडधोबड गोळे वेगळे टाकलेले होते, बुडबुड्यांनी भरलेले. ते फुटक्या बाटल्यांचे नव्हते. त्यांचं काय करायचं ते तेव्हा मला कळलं नाही, म्हणून ते तसेच मनात ठेवले.

बाकीचं मात्र उलगडत गेलं. वाळूला हात लागत नाही, कारण नवी काच बनतच नाही. ट्रक पुढून जातो, गावाला वळसा घालून मागून येतो. बाटल्या फोडायच्या, वितळवायच्या, पुन्हा त्याच बाटल्या ओतायच्या, त्याच खोक्यांत भरायच्या आणि बँकेला दाखवायच्या. मालक बँकेला दिवसाढवळ्या उल्लू बनवत होता. आता हा गाडा ओढणं असह्य झालं, म्हणून त्यानेच भट्टी विझवली आणि विम्याचे पैसे मागितले. चोर सोडून संन्याशाला फाशी. सरळ हिशेब होता, आणि मला सरळ हिशेब आवडतात, घरी लवकर जाता येतं.

बँक छोटी होती, त्या गावाचीच. भिंतीवर जुने संचालक ओळीने टांगलेले, काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन. मॅनेजर माझ्याच वयाचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी त्याला सगळं सांगितलं, वाळू, भोकं, मागचं फाटक. वाईट बातमी सांगतात तसं जरा जपूनच सांगितलं.

"साहेब, हा माणूस तुम्हाला फसवतोय."

त्याने उठून दार लावलं. थर्मासमधून दोन कपांत चहा ओतला, एक माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम," तो म्हणाला, "मला कोणी फसवत नाहीये."

४

असं म्हणतात की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. त्या दुपारी मला कळलं की पैशाचंही आणता येतं. फक्त त्याला गॅस फार लागतो.

"दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकं प्लास्टिककडे गेली," मॅनेजर सांगू लागला. "कारखाना तेव्हाच बंद व्हायचा. पण आमच्या बँकेने दिलेल्या कर्जातला निम्मा पैसा या एका भट्टीत आहे. भट्टी बंद म्हणजे कर्ज बुडालं. कर्ज बुडालं म्हणजे बँक बुडाली. आणि बँकेत पैसे कोणाचे? बाहेर सावलीला बसलेत ना, त्यांचे. मावशीचे. किराणावाल्याचे, शाळेच्या मास्तरांचे. मग मी काय केलं? आणखी कर्ज दिलं. त्या कर्जातून मालक जुन्या कर्जाचं व्याज भरतो, पगार करतो. पगार आमच्याकडेच ठेव म्हणून येतो. त्या ठेवीतून मी पुन्हा कर्ज देतो."

"म्हणजे तुमची बँक कारखान्यावर जगतेय आणि कारखाना बँकेवर."

"दोन बुडणारी माणसं एकमेकांना धरून उभी आहेत. पोहता कोणालाच येत नाही."

"पण बाटल्या वितळवायच्या कशाला? तेच खोके दाखवले असते तरी चाललं असतं."

"आमच्या बँकेवर देखरेख करणारं वरचं कार्यालय हुशार आहे." तो हसला, ते हसणं बघवत नव्हतं. "खोक्यांवर विश्वास ठेवत नाही. गॅसचं बिल मागतं. बिल मोठं म्हणजे कारखाना चालू. बिल यायला भट्टी पेटती हवी, आणि भट्टी रिकामी तापवता येत नाही. तिच्या पोटात काही तरी घालावंच लागतं. वाळू विकत घ्यावी लागते. बाटल्या घरच्याच होत्या."

मी बरीच नुकसानं पाहिलीत. पण एकशे अठरा माणसं दोन वर्षं बिल यावं म्हणून राबली, हे ऐकून मला चहा जाईना.

"मग आता विझवली कोणी? तुम्ही?"

"मी? पुढच्या शुक्रवारी वरून तपासणी आहे. मला ती पेटलेली हवी होती हो! मालकालाही. त्याचं नवीन कर्ज त्या तपासणीवर अडलंय. रविवारी त्याचा फोन आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मग विम्याचं सुचलं." तो पुढे झुकला. "बुडत्याला काडी. मॅडम, अपघात म्हणून पास करा. विम्याचा पैसा आधी बँकेत येतो. बँक वाचते, लोकांच्या ठेवी वाचतात."

तो खोटं बोलत नव्हता. इतका थकलेला माणूस खोटं बोलायचा त्रास घेत नाही. म्हणजे माझा सरळ हिशेब कोलमडला. त्या शुक्रवारच्या आधी भट्टी विझावी असं ना मालकाला वाटत होतं, ना बँकेला. मग कोणाला?

बाहेर येऊन मी बसची वाट बघत उभी राहिले. चार वाजले होते. गुडघ्याने पुन्हा डोकं वर काढलं, म्हणून मी बँकेच्या भिंतीला टेकले आणि "आई गं" करून बाजूला उडाले. नुसत्या दुपारच्या उन्हाने भिंत तव्यासारखी तापली होती.

आणि सकाळी मी ज्या भिंतीला आरामात टेकले होते, तिच्या आत वर्षानुवर्षं विस्तव होता. दोन हात जाडीच्या भिंती. त्या तीन दिवसांत गार होतात? आठवडा गेला तरी हात लावू देणार नाहीत. भट्टी रविवारी विझलीच नव्हती.

५

बस आली ती मी सोडून दिली आणि कारखान्यात परत गेले. उस्ताद तिथेच होता. मी बॅगेतून टॉर्च काढला, कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलली आणि एका झरोक्याच्या मातीवर मारणार इतक्यात तो ओरडला.

"हळू! अहो हळू बाई! एकदम मोकळा करू नका, गार वारा आत शिरेल!"

बोलून गेला आणि मग स्वतःच खाली बसला.

मेलेल्या भट्टीला वारा बाधत नाही. मी सळई त्याच्या हातात दिली. त्याने मुठीएवढी माती अशी अलगद काढली की कण खाली पडला नाही. मी टॉर्च मारून आत पाहिलं. गोठलेला रस नव्हता. तडे नव्हते. झाडून ठेवलेल्या खोलीसारखी आतली फरशी रिकामी होती, आणि वरची कमान वीट न् वीट जागेवर होती.

"रस तुम्ही आधीच बाहेर सोडलात," मी म्हटलं. "पाण्याच्या हौदात. मागे पावाएवढे गोळे पडलेत ते त्याचेच. आणि मग गॅस एकदम बंद नाही केला. रोज थोडा थोडा कमी केलात. किती दिवस?"

"बारा." त्याने सळई भिंतीला टेकवून ठेवली. "घाई केली की वीट तडकते. माझी चार माणसं होती. बाकीच्यांना सांगितलं डागडुजी चाललीय, जुनाच माल भरा. मालक पंधरा दिवसांतून एकदा इकडे येतात. रविवारी आले. तोवर काम झालं होतं."

"म्हणजे मेली नाही ही."

"मरायला काय झालंय? निजवलीय." त्याने भिंतीवरून हात फिरवला. "बाई, विटेला आयुष्य असतं. दहा वर्षांची भट्टी ही. आठ झाली, दोन राहिलीत. रोजच्या जाळाने वीट रोज थोडी झिजते. खरी बाटली काढताना झिजली तर काही वाटत नाही, त्यासाठीच ती असते. पण फोडायला बाटल्या काढायच्या? सकाळी केलेली बाटली संध्याकाळी माझ्यासमोर फोडायचे. दोन वर्षं. मी एकतीस वर्षांत कधी कोणाची बाटली मुद्दाम फोडली नाही हो. शेवटी ठरवलं, उरलेली दोन वर्षं वाचवायची. उद्या कोणी खरोखर बाटल्या मागायला आला तर भट्टी तरी असेल."

"मग हे सांगत का नाही? मालक तुम्हाला तुरुंगात घालायला निघालाय. झोपलो नव्हतो, भट्टी शाबूत आहे, एवढं म्हटलंत तर सुटाल."

"जिवंत आहे म्हटलं की उद्या पेटवतील," उस्ताद म्हणाला. "शुक्रवारी तपासणी आहे ना."

माझ्या आयुष्यात माणसं खोटे आरोप झटकायला जिवाचा आटापिटा करतात, हा म्हातारा तो आरोप पांघरून बसला होता. भट्टी वाचावी म्हणून तिचा मारेकरी म्हणवून घेत होता. आणि ते मी शोधून काढलं होतं.

६

मॅनेजरला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. या वेळी त्याने चहा विचारला नाही.

"आणखी कोणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग नका सांगू. झरोक्यातून दोन टँकर पाणी मारलं तर विटा तडकतील, शनिवारपर्यंत फोडून भंगारात जाईल. तुम्ही फक्त लिहा, निकामी. मालकाशी बोलतो मी, तो तक्रार मागे घेईल. अपघात म्हटला की म्हातारा सुटला, त्याची ग्रॅच्युइटी सुटली, बँक सुटली. कोणाचं काय गेलं? एका विमा कंपनीचं. तिला अकरा कोटी म्हणजे दर्यात खसखस."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर खोके, वाळू, सगळं आलं त्यात. महिन्याभरात बँकेला टाळं. लोकांचे पैसे कधी मिळतील, किती मिळतील, मलाही माहीत नाही. माझ्या आईचे आहेत त्यात."

मी फार सच्ची बाई आहे असं कोणी समजू नये. सबंध सकाळभर मी ते एक वाक्य मनात लिहून पाहिलं. बरं वाटत होतं ते. शेवटी मी उस्तादाच्या घरी गेले.

दोन खोल्या, दारात त्याची बायको कणकेने भरलेल्या हातांनी उभी. "या. हे आत आहेत. चार दिवस नीट जेवले नाहीत. मी म्हटलं, सवत गेली म्हणून सुतक पाळताय होय? एकतीस वर्षं रात्रंदिवस तिच्यापाशीच होते. गेली ते बरंच झालं." बोलताना तिचा आवाज मात्र भरून आला. भट्टी जिवंत आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मी त्याला मॅनेजरचं म्हणणं सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्याची बायको ऐकत ऐकत खाली बसली.

"तुमचे किती आहेत बँकेत?" मी विचारलं.

"नऊ लाख. सगळे." तो म्हणाला. "मागच्या महिन्यात ठेव मोडायला गेलो होतो. भट्टी विझवायचं ठरवलं होतं ना, पुढे काय होणार ते कळत होतं. काउंटरवर मावशी उभी होती, पासबुक भरून घेत. या सगळ्यांना बुडवायला मी निघालोय आणि माझे तेवढे काढून घ्यायचे? नाही जमलं. परत आलो."

"मग काय लिहू? तुम्ही सांगा."

तेव्हा तो पहिल्यांदा चिडला.

"मला का विचारता? तुमचं काम आहे ते! खोटं लिहायला सोबत पाहिजे म्हणून आलात होय? दोन वर्षं मी खोट्या बाटल्या केल्या, बाई. कोणी विचारलं की म्हणायचो, पोराबाळांचे पगार चाललेत. पगार चालले, खरंय. पण त्या पगारासाठी मावशीचेच पैसे जाळत होतो ना आम्ही? आजपासून आणखी दोन वर्षं जाळले असते तर आणखी जास्त जळले असते. आज जे उरलेत ते तरी आज थांबलं तर उरतील. आता तुम्ही ही चांगली भट्टी फोडा, मग तिच्या पैशावर बँक दुसरी खोटी भट्टी शोधेल. करा काय ते."

त्याच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. "अहो, आपले नऊ लाख," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "आपले नऊ लाख."

मी त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. बारा पानं झाली. दावा नामंजूर. भट्टी शाबूत. विझवणाऱ्याने ती निष्काळजीपणे नाही, अत्यंत काळजीने विझवली. मग वाळू, खोके, दोन्ही फाटकं. एक प्रत पोलिसांना.

७

तेवीस दिवसांनी पोलिसांनी मला सही करायला बोलावलं. उस्तादावरची तक्रार रद्द झाली होती. मालक कुठे तरी नातेवाइकांकडे होता. कारखान्याला सील लागलं होतं. औषधाच्या कुठल्या कंपनीची दोन माणसं मध्ये येऊन भट्टी बघून गेली, विटा ठोकून पाहिल्या, विचार करून कळवतो म्हणाली. अजून कळवलं नव्हतं.

बसथांब्याकडे जायला बँकेवरूनच वाट होती. दारावर कागद चिकटवलेला, माणशी महिन्याला पाच हजारांवर काढता येणार नाहीत. मॅनेजर काउंटरवर स्वतः बसून नोटा देत होता. शिव्या खात होता आणि देत होता. रांग कोपऱ्यावरून वळून पार शाळेपर्यंत गेली होती. मास्तर होते, किराणावाला होता. मावशी होती. तिने मला पाहिलं आणि मान फिरवली. तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

उस्ताद रांगेच्या शेवटी होता. त्याच्या पुढच्या माणसाने त्याच्यात आणि आपल्यात चांगलं हातभर अंतर ठेवलं होतं. रांग सरकली की तो माणूस सरकायचा, मग म्हातारा सरकायचा, आणि अंतर तेवढंच राहायचं. गावाला सगळं कळलं होतं. गावाचं म्हणणं, त्याने नुसतं गप्प बसून राहायचं होतं, एवढंच. मग सगळ्यांचे पैसे सुटले असते. पुढून कोणी तरी मोठ्याने म्हणालं, "भट्टी वाचवली म्हणे! भट्टी खा आता!" दोघं-तिघं हसले. उस्ताद पायांकडे बघत राहिला. त्याच्या हातात पासबुक होतं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं.

माझी बस समोर लागली होती. पुढची दीड तासाने होती.

मी जाऊन त्याच्या मागे उभी राहिले. त्याने वळून पाहिलं.

"बाई, तुमचं खातं आहे का इथे?"

"नाही," मी म्हटलं.

मग त्याला माझा गुडघा आठवला असावा. तो बाजूला सरला आणि भिंतीपाशी सावलीत माझ्यासाठी जागा केली.